मागच्या डाव्या दारावरचे चार ओरखडे

चौथा काही जात नव्हता. पहिले तीन पॉलिशच्या कंपाउंडनेच गेले होते, मशीनच्या लोकरीच्या पॅडखाली. चौथ्यावर मी नख फिरवलं. नख किंचित अडलं. आमच्या धंद्यात नख सरकलं तर ओरखडा वरचा, अडकलं तर खोल, आणि किंचित अडलं तर ते करणाऱ्याच्या हातावर. मी दोन हजार नंबरचा पाणीपेपर बादलीत भिजवला, त्यावर साबणाचा थेंब सोडला आणि चौथा आधी आडवा, मग उभा घासला. जागा ताकासारखी पांढरी झाली. वायर खांद्यावर टाकली, मशीन दोनवर ठेवली, फिरवली. पांढरेपणा गेला. खालचा मरून रंग वर आला. दार पूर्ण झालं. मी बटण बंद केलं. बटण बंद केल्यावर पॅड थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मला कळलं, मी काय करून बसलो ते.

ती. मुखरूभाऊ यांना प्रफुलचा साष्टांग नमस्कार. हे वर लिहायचं असतं, पण वर आता जागा नाही. इकडे सर्व खुशाल, आपण खुशाल असाल, असं लिहायची रीत आहे. तुम्ही चंद्रपूरच्या तुरुंगात आहात आणि मे महिना सरत आला आहे, तेव्हा दुसरा अर्धा मी लिहीत नाही. पहिला अर्धा पत्र संपेपर्यंत टिकणार नाही. पाठीचं कसं आहे? जमिनीवर झोपल्याने पाठ सरळ होते असं रीता म्हणते. (तुमची बहीण तुमच्या बाबतीत प्रत्येक गोष्टीतून काहीतरी चांगलं शोधून काढते. माझ्या बाबतीत तिला शोधावं लागत नाही, कारण ती शोधत नाही.) चादर आणि दंतमंजन पोचलं असेल. हे पत्र तुमच्याआधी तिथले जे साहेब वाचतात त्यांनाही नमस्कार. साहेब, अक्षर वाईट आहे. चार तास मशीन धरली की हात संध्याकाळपर्यंत थरथरतो.

पत्र का, मुलाखतीला का नाही, असं तुम्ही विचाराल. जाळीपलीकडून तुमचा पहिला प्रश्न असतो, गाडी कशी हाय? गेल्या दोन्ही वेळी मी म्हटलं, जशी होती तशी. ते खरं होतं. आता ते म्हणता येणार नाही, आणि तुमच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणणं मला जमणार नाही. कागदाकडे बघून जमेल असं वाटतं.

जे साहेब वाचत आहेत त्यांना हकीकत माहीत नसेल. त्यांच्यासाठी थोडक्यात. मुखरूभाऊ हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, राहणार आरमोरी. धानोऱ्याकडच्या गावांतून मोहफूल विकत घेतात आणि आपल्या गाडीत भरून आरमोरीच्या बाजारात नेतात. बावीस दिवसांपूर्वी, उजाडता उजाडता, ते जंगलातल्या रस्त्याने येत होते. डावीकडून काहीतरी पिवळं आलं आणि मागच्या दारावर आपटलं. गाडी हलली. यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. उजवीकडे सुकलू नावाचा माणूस तेंदूपत्ता तोडायला चालला होता, खांद्यावर दोर घेऊन. गाडी त्याला लागली. यांनी त्याला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि दवाखान्याकडे नेलं. तो वाटेत गेला. गाडी लागून माणूस मेला यात वाद नाही. ती का लागली, एवढाच वाद आहे. यांच्या मते जनावरामुळे. पोलिसांच्या कागदामध्ये दारूमुळे. डिकीत मोहफुलांची तीन पोती होती. धडकेत एक फुटलं. मोहफुलांच्या गाडीला मोहाचाच वास येणार, पण तो वास गाडीचा की माणसाचा हे नाकाला कळत नाही. रक्ताचा अहवाल यायचा आहे. (भाऊ, त्या पहाटे तुम्ही प्यायलेले नव्हता हे मी शपथेवर सांगीन. प्यायल्यावर तुम्ही सरळ हकीकत सांगत नाही, भजन म्हणता.)

जनावर होतं याला साक्षीदार नाही. सुकलू होता, तो गेला. राहिले मागच्या डाव्या दारावरचे चार ओरखडे. पोलिसांनी फोटो काढले ते समोरचे, पोच आलेल्या बॉनेटचे. डावी बाजू तेव्हा ठाण्याच्या भिंतीला चिकटून उभी होती. कागदात लिहिलं, डाव्या बाजूस झुडपाने खरचटल्याच्या खुणा. तुमच्या वकिलांनी कोर्टाला विनंती केली की झुडूप की जनावर हे वन खात्याच्या माणसाने पाहून सांगावं. कोर्टाने मान्य केलं. तारीख उद्याची, बुधवारची, सकाळची, जागा भद्रावती, माझं दुकान. गाडी सुपूर्तनाम्यावर माझ्या ताब्यात दिली होती. त्या कागदावर लिहिलं होतं, गाडीच्या स्थितीत कोणताही बदल करणार नाही. खाली माझी सही आहे. मी त्याचा अर्थ टायर विकणार नाही असा घेतला.

आणि दुर्गाबाई. सुकलूची बायको. तुम्हाला वकिलांनी सांगितलं की नाही माहीत नाही. ते तिच्याकडे गेले होते. ती म्हणाली, गावातले म्हणते प्याला होता, तुमी म्हणता जनावर होतं, मी कोणाचं आयकू? मले त्या खुणा दाखवा. माह्या डोळ्यानं पाह्यल्या तं कोर्टात सांगीन का या माणसाची चूक नाई. नाई पाह्यल्या तं नाई सांगणार. वकील म्हणाले, हे शंभर साक्षींच्या बरोबरीचं आहे. म्हणून तीही उद्या येणार आहे. तिच्या गावाहून भद्रावतीला तीन एसटी बदलाव्या लागतात. ती आज सकाळीच निघाली असेल. ती निघाली तेव्हा ओरखडे होते.

आता माझ्या कामाबद्दल. रविवारी वकिलांचा फोन आला. म्हणाले, साहेब यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, चांगले, स्पष्ट. मी हो म्हटलं. आज मंगळवारी सकाळी मोबाइल घेऊन गाडीपुढे उभा राहिलो. गाडीवर बोटभर धूळ. भद्रावतीची धूळ तुम्हाला माहीत आहे, खाणीकडून येते, काळी असते, आणि ओल्या हाताने पुसली की मेंदीसारखी चढते. फोटो काढायचा म्हटलं की माणूस आधी तोंड धुतो. ही काही माझी एकट्याची खोड नाही. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की अंगण सारवतात. तुमच्याच गावात पाणीटंचाई पाहायला साहेब आले होते, तेव्हा तुम्ही पाचजणांनी बैलगाडीवर ड्रम आणून चावडीपासून विहिरीपर्यंत रस्त्यावर सडा घातला होता. साहेब चिखलातून चालत विहिरीपर्यंत गेले आणि टंचाई दिसत नाही असं लिहून परत आले. तुम्ही स्वतः मला हे हसत सांगितलं होतं. मी तेव्हा तुमच्याहून जास्त हसलो होतो.

तर मी गाडी धुतली. धुतल्यावर ती आणखी वाईट दिसायला लागली. छपरावर पाण्याचे डाग, बॉनेटवर चिकाचे ठिपके, सगळीकडे फडक्याने पुसून पुसून पडलेल्या बारीक रेघांची जाळी. उन्हात उभी केली तर कोळ्याने विणल्यासारखी. उद्या कोर्टाचे लोक, वन खात्याचे साहेब, वकील, सगळे माझ्या दुकानात येणार. वर बोर्ड, प्रफुल कार पॉलिश, आरशासारखी चमक. खाली माझ्याच मेहुण्याची ही अशी गाडी. मला वाटलं, साहेब म्हणतील, अशी गाडी ठेवणारा माणूस पीतच असेल. हा विचार मला त्या वेळी पटला. आता पटत नाही, पण आता मशीन बंद आहे.

मागच्या डाव्या दाराला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. तेवढा मी मूर्ख नाही. (हे वाक्य शेवटी खोडायचं होतं. राहू दे.) दाराच्या चारी कडांना मी मास्किंग टेप लावली, वर वर्तमानपत्र चिकटवलं, आणि बाकीची गाडी करायला घेतली. छप्पर, बॉनेट, डिकी, तीन दारं. बाहेर सेहेचाळीस डिग्री. पत्रा तापला की कंपाउंड पॅडवरच सुकतं आणि पीठ उडतं. म्हणून ओल्या गोणपाटाने पत्रा गार करायचा, हातभर जागा घ्यायची, मशीन आडवी फिरवायची, उभी फिरवायची, पुसायचं, पुढची हातभर जागा. एका ठिकाणी थांबायचं नाही, थांबलात तर रंग जळतो. हे काम करताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. बावीस दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात तुम्ही नव्हता. रागावू नका. तुम्हालाही एखाद्या दिवशी तिथे असं काहीतरी मिळावं.

दुपारी एक वाजता वर्तमानपत्र काढलं. चमकत्या गाडीत ते एक दार, पंगतीत सगळ्यांना वाढून एकाला विसरावं तसं. आणि ओरखडे दिसतच नव्हते. म्हणजे होते, पण भोवतीच्या जाळीत हरवले होते. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. कोणीही म्हणालं असतं, झुडूप. इथे मला ती कल्पना सुचली. भोवतीची जाळी काढली, ओरखड्यांना धक्का न लावता, तर चार रेघा काळ्या पाटीवर खडूने मारल्यासारख्या उठून दिसतील. साहेबांना वाकावंसुद्धा लागणार नाही. मी चारी ओरखड्यांची लांबी मोजली, मधली अंतरं मोजली, प्रत्येकावर अरुंद टेप बसवली. अर्धा तास गेला त्यात. लग्नाच्या गाडीवरही मी एवढा हळू काम करत नाही. पुरावा चांगला दिसावा, एवढीच इच्छा होती. फोटो त्यानंतर काढायचे होते.

पहिल्या टेपचं टोक पॅडमध्ये गेलं आणि टेप उडाली. मी मशीन उचलेपर्यंत पहिला ओरखडा फिकट झाला होता. अर्धा होता, अर्धा नव्हता. अर्धा ओरखडा खोटा दिसतो, जनावर मध्येच विचार बदलत नाही. म्हणून उरलेला अर्धा काढला. मग तीन राहिले. तीनही चालले असते. पण दुसऱ्याच्या कडेला पहिल्याची सावली राहिली होती, ती काढताना दुसरा गेला. तिसरा कसा गेला ते मी कोर्टातही सांगू शकणार नाही. त्याच्यावर टेप होती. टेप मीच काढली असणार.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, तुम्ही म्हणाल की पंज्याचे ओरखडे असे पुसले कसे जातात. ते जायला नको होते. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर नखं पत्र्यापर्यंत गेली असती. पण गेल्या दसऱ्याला ही गाडी मीच रंगवून दिली होती. रंगावर काचेसारखा क्लिअरचा थर देतात, त्याचे दोन हात पुरतात. मी तीन दिले. (तुमच्या घरात म्हणतात की जावयाने कधी काही दिलं नाही. तो तिसरा हात त्यासाठी होता. मी बोलून दाखवला नाही, आता दाखवतो.) जनावराची नखं त्या तिसऱ्या हातातच राहिली. खालच्या रंगाला लागलीच नाहीत. काम करताना हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तिसरा गेला आणि लाइट गेली. मशीन हातात मेली. हे मी मुद्दाम लिहितो, म्हणजे मला कोणी थांबवलं नाही असं होऊ नये. मला चाळीस मिनिटं दिली होती. मी बादली उलटी करून तिच्यावर बसलो. शेजारच्या चहाच्या टपरीवरून झिंगूकाका आले. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, जन्मभर वन खात्यात मजूर होते, वणवे विझवले, पाणवठे खणले, आता दिवसभर टपरीवर बसून कोणत्या बिबट्याचा बाप कोण ते सांगतात.

"काय करून राह्यला बे?"

"गाडी करून राह्यलो, काका. उद्या साहेब येते, ओरखडे पाहाले."

त्यांनी चष्मा पुसला, दाराला नाक लावलं.

"यात वाघ कुठी हाय?"

"होता."

"होता तं माहा बापबी."

मी त्यांना उरलेला चौथा दाखवला. त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, हा तरी राहू दे.

"एका नखाचा वाघ नसते, काका."

"म्हातारा असन. माह्या तोंडात पाह्य, दात किती राह्यले? मी माणूस नाई का?"

हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं. मीही हसलो नाही. मी चाळीस मिनिटं त्या एका रेघेकडे पाहत बसलो. ती एकटी रेघ आता शाळेतल्या पोराने खिळ्याने मारल्यासारखी दिसत होती. उद्या मी ती साहेबांना दाखवणार आणि म्हणणार, हा वाघ. साहेब माझ्याकडे पाहणार. आणि ही रेघ असलेलं दार माझ्या दुकानात, माझ्या बोर्डाखाली. मुखरूभाऊ, खरं लिहितो. तुमची सुटका आणि माझी लाज एका दारावर आली होती आणि मी लाजेकडे पाहत होतो. लाइट आली. मशीन आपोआप सुरू झाली, कारण बटण चालूच राहिलं होतं. पुढचं पहिल्या परिच्छेदात आहे.

त्यानंतर मी जे केलं तेही लिहितो, म्हणजे बाहेरून कळू नये. घरामागून दाताळं आणलं, अंगणातला पाला ओढतो ते. भंगारातलं एक दार जमिनीवर ठेवून त्यावर ओढून पाहिलं. दाताळ्याला सहा दात. दोन वाकवले. पुन्हा ओढलं. झिंगूकाकांनी उभ्यानेच पाहिलं आणि म्हणाले, हे कोंबडीनं केलं. मी जोर लावून ओढलं. ते म्हणाले, हे बैलानं केलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की जनावराचं नख आत शिरताना रुंद असतं, निघताना बारीक होतं, चारी नखं एका वेळी सुटत नाहीत, आणि जे साहेब उद्या येत आहेत त्यांनी काकांच्या देखत पन्नास झाडांवरचे असे ओरखडे मोजले आहेत. खोटा ओरखडा सापडला तर तुम्ही खरंच बोलत होता हे पुढे कोणी मानणार नाही. मी दाताळं ठेवून दिलं. त्यांनी दुसरा उपाय सुचवला, गाडी परत त्याच जागी नेऊन उभी कर, दार जंगलाकडे कर, एखादा येईन. मी डिझेल किती लागेल याचा हिशेब मांडायला लागलो होतो. मग आठवलं, सुपूर्तनाम्यात गाडी तालुक्याबाहेर न्यायची नाही असंही लिहिलं आहे. बाकीचा कागद मी तेव्हा वाचला.

संध्याकाळ झाली आहे. गाडी शटरसमोर उभी आहे. मघाशी दोन गिऱ्हाइकं थांबून किती घेता म्हणून विचारून गेली. वकिलांना तीनदा फोन लावला, लागला, मी ठेवला. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा असं लिहिणार होतो, पण त्या आरमोरीला आहेत आणि तुम्ही तिथे. रीता त्यांच्याजवळ आहे. त्या रोज विचारतात, पोरगा बाजारातून आला का? रीता सांगते, येऊन राह्यला. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, जे कोणी तिथे तुमच्यासोबत असतील त्यांनाही. पाठीला जपा.

आपला,
प्रफुल

ता. क. हे पत्र फाडू नका. मी ते त्याचसाठी लिहिलं आहे. बाकी सगळं मी तोंडीही सांगू शकलो असतो, जमलं नसतं तरी. पण तिथे येणारा कागद साहेब वाचतात आणि त्यावर शिक्का मारतात असं ऐकलं आहे. शिक्का बसला की तो वकिलांना द्या. त्यांना म्हणावं, ओरखडे मी पुसले हे मी सहीनिशी लिहून देतो, आणि पुसायला आधी काहीतरी असावं लागतं. मापं अशी: हँडलच्या खाली सहा इंच. पहिला नऊ इंच, दुसरा साडेदहा, तिसरा साडेदहा, चौथा सात. अंतरं सव्वा, सव्वा, दीड इंच. पुढून मागे जाणारे, मागे बारीक होत गेलेले. ते ओरखडे एवढ्या जवळून माझ्याशिवाय कोणी पाहिलेले नाहीत. मला यात कोणतं कलम लागतं ते वकील सांगतील. झिंगूकाकांना विचारलं, पण त्यांना दोनच कलमं माहीत आहेत, वणव्याचं आणि शिकारीचं.

ता. क. २. झिंगूकाका जाताना एक बोलले ते वकिलांना सांगू नका. (साहेब, हे तुम्हीही वाचून सोडून द्या.) मी विचारलं होतं, पण काका, जनावर चालत्या गाडीवर आपटलं कशाला? ते म्हणाले, दारात पाह्य. मी पाहिलं. मी दिसत होतो, मागे टपरी, टपरीवरची माणसं. ते म्हणाले, तिथी बी त्याले कोणीतरी दिसलं असन, त्याच्याएवढंच. दसऱ्याला गाडी देताना या दारापुढे मी तुम्हाला भांग पाडायला लावला होता. मी हे लिहिणार नव्हतो.

ता. क. ३. रीता उद्या दुपारच्या एसटीने परत येते. तिला मी सगळं सांगेन. (नाही सांगणार. पुढच्या गुरुवारी ती तुमच्याकडे मुलाखतीला येईल, तेव्हा तुम्हीच सांगा, आणि सांगताना जरा सांभाळून घ्या. तुमचं ती ऐकते.) मला तुमच्याकडून खरं तर एवढंच हवं होतं.

बुधवार. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून यात लिहितो.

वन खात्याचे साहेब साडेनऊला आले. बरोबर एकजण टेप आणि कॅमेरा घेऊन. दार पाहिलं, वाकून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं. विचारलं, दार बदललं का? मी म्हटलं नाही, आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी बॅटरी बंद केली. रागावले नाहीत. मी मापं वाचून दाखवली, म्हटलं, ही तरी लिहा. ते म्हणाले, मी जे दिसतं ते लिहितो. त्यांनी लिहिलं, खुणा आढळल्या नाहीत. खाली मी सही केली. वकील कोर्टातून यायचे होते, ते पोचले नाहीत.

दुर्गाबाई दहाला आली, तिचा भाऊ कोलू सोबत होता. रात्री चंद्रपूरच्या स्टँडवर बसून काढली म्हणाली. मी पाणी दिलं. तिने विचारलं, कुठी हाय? मी दारावर हात ठेवून इथून इथे होते असं दाखवलं. तिने पदराने घाम पुसला आणि पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, परत आली.

मग विचारलं, माहा माणूस कुठी होता? मी मागचं दार उघडलं. सीट मी कालच साबणाने धुतली होती, वर नवीन कव्हर घातलं होतं. ती आत बसली. दार ओढून घेतलं. साहेब घड्याळ पाहत उभे होते, निघता येईना त्यांना. कोलू टपरीकडे जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती उतरली.

साहेबांनी विचारलं, बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

ती म्हणाली, "मी काईच नाई पाह्यलं. पाह्यलं नाई तं काय सांगू?"

साहेबांनी तेही लिहिलं. तिने अंगठा दिला. मी शाई पुसायला फडकं पुढे केलं. ती म्हणाली, राहू द्या, खराब होईन.

अकराच्या चंद्रपूर गाडीत मी त्या दोघांना बसवून दिलं. पत्र आता टाकतो.